आई-बाबांना घेऊन कयुगा सरोवराकाठी: टॉम्पकिन्स काउंटीचे तीन दिवस

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मंडळींकडे आई-बाबा आले की पहिल्या लाँग वीकेंडचा बेत ठरलेला असतो. पहाटे निघायचं, वाटेत वॉटकिन्स ग्लेन उरकायचं, रात्री नायगारा, दुसऱ्या दिवशी बोट, तिसऱ्या दिवशी परत. माझ्याकडेही पहिल्या वेळी हेच झालं. वॉटकिन्स ग्लेनच्या घळीत ८३२ दगडी पायऱ्या आहेत. आईने त्यातल्या निम्म्या चढल्या आणि पुढचे दोन दिवस ती गुडघ्याला तेल चोळत बसली. नायगारा तिने पाहिला, पण आठवण उरली ती गाडीची.

दोन वर्षांनी ते परत आले तेव्हा मी तीन दिवस एकाच ठिकाणी मुक्काम ठेवला. न्यूयॉर्क राज्यातली टॉम्पकिन्स काउंटी, मुख्य गाव इथाका, कयुगा सरोवराचं दक्षिण टोक. त्यानंतर चार वेळा गेले आहे, वेगवेगळ्या ऋतूंत आणि वेगवेगळ्या पाहुण्यांबरोबर. इथे धबधबे इतके आहेत की सगळे बघायचे म्हटलं तर आठवडा पुरणार नाही. म्हणून हा लेख पायांचा हिशेब धरून लिहिला आहे: कोणता धबधबा पायऱ्यांशिवाय दिसतो, कुठे गाडी लावायची, कुणी कुठे थांबायचं आणि कुणी पुढे जायचं.

आधी उच्चार, कारण रस्ता विचारताना उपयोगी पडतात. इथाकाला तिथले लोक ‘इथिका’च्या जवळपास जाणारं काहीतरी म्हणतात. कयुगात जोर ‘यु’वर. आणि सगळ्यात मोठ्या धबधब्याचं नाव ‘टगॅनक’, स्पेलिंग कितीही लांबलचक असलं तरी.

पाणी आलं कुठून

हे दोन मिनिटांत समजून घेतलं तर पुढचे तीन दिवस वेगळे दिसतात. न्यूयॉर्कच्या या भागात हाताच्या बोटांसारखी उत्तर-दक्षिण पसरलेली ११ सरोवरं आहेत, म्हणून यांना फिंगर लेक्स म्हणतात. कयुगा त्यांतलं सर्वांत लांब, जवळजवळ ६१ किलोमीटर. हिमनद्यांनी जुन्या नद्यांची खोरी खरवडून इतकी खोल केली की कयुगाचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेला आहे. सरोवर १३३ मीटर खोल आहे.

मुख्य खोरं खोल झालं, पण बाजूने येणारे ओढे वरच्या वर लटकत राहिले. बर्फ हटल्यावर त्या ओढ्यांना सरोवरापर्यंत पोचायला उडी मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. उडी मारता मारता त्यांनी खडक कापला आणि घळी तयार झाल्या. म्हणजे खडक सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा, समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचा. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या पाचपटीहून जुना. घळी मात्र गेल्या दहा-बारा हजार वर्षांतल्या. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला इथली पहिली नवलाई हीच वाटते: कडे काळे नाहीत, राखाडी आहेत, आणि वहीची पानं रचून ठेवल्यासारखे थरावर थर दिसतात. बोटाने दाबलं तर शेलची, म्हणजे गाळाच्या या ठिसूळ खडकाची, पातळ चकती सुटून हातात येते. त्याच कारणाने दरडीही पडतात; त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

हा सगळा मुलूख कयुगा या मूळ रहिवाशांचा. हौडेनोशोनी या मूळ अमेरिकन राष्ट्रांच्या संघातलं ते एक राष्ट्र. १७७९ साली अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकन सेनेच्या जनरल सलिव्हनच्या मोहिमेने त्यांची गावं आणि उभी पिकं जाळली. आज बटरमिल्क धबधब्याच्या पार्किंगमध्ये आपण गाडी लावतो, त्याच्या जवळच कोरिऑर्गोनेल नावाचं टुटेलो लोकांचं गाव होतं. तेही त्याच वर्षी जाळलं गेलं. तिथून जाताना मी हे पाहुण्यांना सांगते. सांगायलाच हवं असं मला वाटतं.

कधी जायचं

आपल्या डोक्यात धबधबा म्हणजे जुलै-ऑगस्ट. इथे ते गणित उलटं आहे. पाणी सर्वांत जास्त असतं बर्फ वितळताना आणि वसंतातल्या पावसात, एप्रिल-मेमध्ये. ऑगस्टच्या कोरड्या आठवड्यात टगॅनकची धार दोरीसारखी बारीक होते. माझी मावशी ऑगस्टमध्ये आली होती, तिने वर बघून विचारलं, “एवढंच?” जोराचा पाऊस पडून गेला असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरीकडे, घळींमधले बहुतेक रस्ते हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात, साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत. दुरुस्ती असेल तर आणखी उशिरा उघडतात. त्यामुळे आई-बाबांसाठी माझी पसंती दोन खिडक्यांना:

मे अखेर ते जूनचा तिसरा आठवडा. पाणी भरपूर, झाडं हिरवीगार, गर्दी मध्यम. फक्त कॉर्नेल विद्यापीठाच्या पदवीदानाचा आठवडा टाळा. मेच्या शेवटी त्या दिवसांत हॉटेलं वर्षभर आधी भरलेली असतात आणि दर दुप्पट-तिप्पट होतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात विद्यार्थी राहायला येतात तेव्हाही तेच.

ऑक्टोबरचे पहिले तीन आठवडे. पानांचे रंग साधारण महिन्याच्या मध्याला भरात असतात. शनिवारी मात्र पार्किंगसाठी सकाळी नऊच्या आत पोचा.

निघायच्या आदल्या रात्री न्यूयॉर्क स्टेट पार्क्सच्या संकेतस्थळावर त्या त्या पार्कचं पान उघडून कोणता ट्रेल चालू आहे ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि एक आख्खा दिवस वाचतो.

पोचणं आणि राहणं

एडिसनकडून साधारण चार तास लागतात. इंटरस्टेट ८०, ३८० आणि ८१ ने बिंगहॅम्टन, तिथून १७ नंबरने पश्चिमेला ओवेगो, मग ९६ आणि ९६-बी ने इथाका. शेवटचा तास-पाऊण तास जाण्या-येण्याला एकेकच लेन आहे आणि संध्याकाळी हरणं आडवी येतात. एक हरीण गेलं म्हणून लगेच वेग वाढवू नका, मागून दुसरं येतंच. गाडी नसेल तर न्यूयॉर्क शहरातून थेट बस आहे. गावात टीकॅटच्या बस फिरतात, पण दूरच्या पार्कांसाठी एक दिवस तरी भाड्याची गाडी घ्यावी लागेल.

मुक्काम गावात किंवा १३ नंबरच्या रस्त्यावर घ्या. सरोवराकाठची भाड्याची घरं सुंदर असतात, पण बऱ्याच घरांत पाण्यापर्यंत उतरायला लांबलचक लाकडी जिना असतो. बुकिंग करण्यापूर्वी मालकाला पायऱ्या किती ते विचारा. इंडक्शन किंवा गॅसची शेगडी आहे का तेही विचारा. दिवसभर भटकून आल्यावर कुकरची एक शिट्टी झाली की बाबांचा थकवा निम्मा उतरतो.

स्टेट पार्कात प्रवेश फी गाडीमागे असते, माणसामागे नाही, म्हणून सात जणांची मोठी गाडी स्वस्त पडते. पावती फेकू नका. एका दिवशी दोन-तीन पार्क करणार असाल तर तीच पावती दुसऱ्या गेटवर दाखवा. वर्षात अनेकदा येणाऱ्यांनी एम्पायर पास घेतलेला बरा.

पहिला दिवस: टगॅनक, आधी वरून, मग खालून

इथाकाहून ८९ नंबरचा रस्ता सरोवराच्या पश्चिम काठाने उत्तरेला जातो. वीस मिनिटांत टगॅनक फॉल्स स्टेट पार्क येतो. धबधब्याची सरळ उडी २१५ फूट, म्हणजे ६६ मीटर. नायगाऱ्यापेक्षा ३३ फूट जास्त. रुंदीत तुलनाच नाही, पण उंचीचा आकडा ऐकून बाबा खूश होतात हा अनुभव आहे.

क्रम महत्त्वाचा. आधी मुख्य पार्किंगच्या पुढे जाऊन टगॅनक पार्क रोडने वर फॉल्स ओव्हरलूकला जा. गाडीतून उतरून थोड्या पावलांवर दगडी कठडा आहे आणि समोर सगळा देखावा: तिन्ही बाजूंनी उभे कडे, मध्ये पांढरी धार, खाली हिरवा डोह. ज्यांना अजिबात चालवत नाही त्यांचा धबधबा इथे पूर्ण झाला. त्यांना काहीही चुकल्यासारखं वाटत नाही, कारण पूर्ण उंची इथूनच कळते.

मग खाली या आणि गॉर्ज ट्रेल धरा. पाऊण मैल जायचं, पाऊण मैल यायचं, म्हणजे एकूण जवळपास अडीच किलोमीटर. रस्ता रुंद, खडी दाबून बसवलेली, जवळजवळ सपाट. माझ्या आईने काठी टेकत पस्तीस मिनिटांत पार केला, मध्ये दोन बाकांवर बसून. वाटेत ओढ्याचं पात्र फरशी घातल्यासारखं सपाट आहे. खालचा तो चुनखडक टणक आहे म्हणून तसा राहिला. जसजसं आत जावं तसतसे कडे उंचावत जातात आणि शेवटी जवळजवळ ४०० फुटांपर्यंत पोचतात. आवाज आधी येतो, मग गार वारा, मग तुषार. टोकाच्या छोट्या पुलावर उभं राहिलात की चष्मा पुसावा लागतो. आईने तिथे पदर डोक्यावर घेतला, आणि दहा मिनिटं ती काही बोलली नाही.

कड्यांकडे जरा वेळ बघा, दुर्बीण असेल तर फारच छान. इथे बहिरी ससाणे घरटी करत. विसाव्या शतकाच्या मध्यात डीडीटीमुळे त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली आणि अमेरिकेच्या पूर्व भागातून हा पक्षी नाहीसाच झाला. त्याला परत आणण्यासाठी पिंजऱ्यात जोड्या वाढवण्याचं काम टॉम केड या प्राध्यापकांनी १९७० मध्ये इथल्याच कॉर्नेल विद्यापीठात सुरू केलं. टगॅनकच्या घळीत ससाण्यांनी २०२० साली पुन्हा घरटं केलं. आधीचं घरटं १९४६ सालचं. मध्ये ७४ वर्षं गेली. ज्या कड्याकडे आपण मान वर करून बघतो तिथे ही गोष्ट घडली आहे, हे माहीत असलं की नजर आपोआप धारेवरून कड्यावर सरकते.

साउथ रिम आणि नॉर्थ रिम हे वरचे ट्रेल तरुण मंडळींसाठी. सुरुवातीलाच बऱ्याच पायऱ्या आहेत. ते दोन तास फिरून येईपर्यंत बाकीच्यांनी रस्त्यापलीकडे सरोवराच्या बाजूला जावं. पार्कचा तोही भाग आहे: गवत, बाकं, जेवणाची टेबलं, उन्हाळ्यात जीवरक्षकांच्या देखरेखीखाली पोहायची जागा. डबा इथे खा. पोळी-भाजीचा रोल, दही-भात, लोणचं. बदकं मागायला येतील, पण त्यांना खायला घालू नका.

सायकल चालवणारे असतील त्यांच्यासाठी ब्लॅक डायमंड ट्रेल आहे. इथाकाच्या कॅस पार्कपासून टगॅनकपर्यंत ८.४ मैल, म्हणजे साडेतेरा किलोमीटर, जुन्या रेल्वेमार्गावरून. ‘ब्लॅक डायमंड एक्स्प्रेस’ नावाची गाडी १९५९ पर्यंत धावायची, तिचं नाव याला मिळालं. इथाकाकडून जाताना सतत हलका चढ, परत येताना फारसे पाय न मारता उतार. निम्मी मंडळी सायकलने आणि निम्मी गाडीने येऊन टगॅनकला भेटली, अशी एक ट्रिप आम्ही केली होती, उत्तम जमली.

दुसरा दिवस: ट्रीमन आणि बटरमिल्क

रॉबर्ट एच. ट्रीमन स्टेट पार्क हा माझ्या मते काउंटीतला सर्वांत देखणा भाग, आणि इथेच मी एक चूक केली होती. पार्कला दोन दारं आहेत, एक वर आणि एक खाली, आणि दोन्हींमध्ये रस्त्याने बरंच अंतर आहे. मी फोनमध्ये नुसतं पार्कचं नाव टाकलं, गाडी खालच्या दारी पोचली आणि आम्ही तिथूनच चालायला लागलो. दोन मैलांपेक्षा जास्त चढ चढून मगच ल्युसिफर धबधबा येतो. तासाभराने बाबांनी खडकावर बसकण मारली आणि आम्ही काही न बघता परत फिरलो. म्हणून नकाशात ‘अपर ट्रीमन’ असं नीट बघून लावा.

वरच्या पार्किंगजवळ १८३९ सालची पिठाची गिरणी आहे. पाण्यावर चालणारी, लाकडी. उघडी असेल तर आतली दाती चाकं बघून घ्या, जुन्या पिढीला यात फार रस असतो. तिथून गॉर्ज ट्रेल सुरू होतो आणि पाच मिनिटांत ओढा एका अरुंद चिरेत शिरतो. दोन्ही बाजूंना भिंती, मधून दगडी पूल, पायाखाली पाणी. सांधण दरी पाहिलेल्यांना ओळखीचं वाटेल, फक्त इथे चालायला बांधीव वाट आहे. त्या पायऱ्या आणि कठडे १९३० च्या दशकात, महामंदीच्या काळात, सरकारने बेरोजगार तरुणांना काम म्हणून बांधायला दिले. एक पायरी निरखून बघा: दगड कड्याच्याच थरांना समांतर बसवले आहेत. कडा कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं ते चटकन कळत नाही.

साधारण अर्ध्या मैलावर ल्युसिफर धबधब्याचा माथा येतो. ११५ फूट. माथ्याशी कठडा आहे, तिथून पाणी खाली झेपावताना दिसतं आणि पुढची सगळी दरी उघडते. गुडघेदुखी असलेल्यांनी इथूनच मागे फिरावं. ज्यांचे पाय भक्कम आहेत त्यांनी धबधब्याच्या कडेकडेने पायऱ्या उतरून तळाशी जावं, पूल ओलांडून क्लिफ स्टेअर्स चढावा आणि रिम ट्रेलने गिरणीशी परत यावं. हा फेरा दीड तासाचा. उलटा करू नका. ओल्या, झिजलेल्या पायऱ्या चढणं उतरण्यापेक्षा सोपं वाटेल, पण क्लिफ स्टेअर्सवरून उतरताना मांड्या थरथरायला लागतात.

दुपारी मुलांना घेऊन खालच्या दारी जा. तिथे धबधब्याच्या पायथ्याशी ओढ्याचाच पोहण्याचा डोह आहे. जूनअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेपर्यंत, जीवरक्षक असतील तेवढ्याच वेळात. जुलैतही पाणी इतकं गार की पहिल्या बुडीला श्वास अडकतो.

संध्याकाळी बटरमिल्क. गावापासून जेमतेम पाच-सात मिनिटं, १३ नंबरवर. गाडी लावली की समोरच धबधबा, एक पायरीसुद्धा चढायची नाही. खडकाच्या उतारावरून पाणी फेसाळत, पसरत येतं आणि घुसळलेल्या ताकासारखं दिसतं. नावही त्यावरूनच पडलं. बाकावर बसून चहाचा थर्मास उघडायला यासारखी दुसरी जागा नाही. वर चढत गेलं तर ओढा एकामागून एक टप्प्यांनी ५०० फुटांहून अधिक खाली येताना दिसतो, पण चढ पहिल्या पावलापासूनच दम काढणारा आहे.

हे गंभीरपणे घ्या

नेमून दिलेल्या जागेशिवाय कुठेही पाण्यात उतरू नका. गावातल्या फॉल क्रीकच्या घळीत विद्यार्थी पोहताना बुडाले आहेत. वरून डोह शांत दिसतो, खाली ओढ असते, आणि शेल ओला झाला की तेल सांडल्यासारखा निसरडा होतो. कठड्यापलीकडे फोटोसाठी पाय टाकायचा नाही. कड्याला टेकून बसायचं नाही, त्यातून दगड सुटतात.

बूट खोबणीच्या तळव्यांचे हवेत. आईला साडीच नेसायची असेल तर नेसू दे, पण खाली बूट हवेतच. घळीत फोनला रेंज मिळत नाही, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा. गवतातून चालून आल्यावर घोट्यापासून गुडघ्यामागेपर्यंत गोचिडी बघा. हरणांवरच्या बारीक गोचिडींमुळे लाइम रोग होतो. उन्हाळ्यात सरोवरात कधीकधी विषारी हिरवट शेवाळ साचतं. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा दिसला तर मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवा.

तिसरा दिवस: गाव, विद्यापीठ आणि पक्षी

शनिवार-रविवार असेल तर सकाळ इथाका फार्मर्स मार्केटमध्ये. पाण्याच्या काठी मोठा लाकडी मांडव आहे, एप्रिल ते ऑक्टोबर भरतो. भाजी, मध, चीज आणि गरम खाणं मिळतं. सप्टेंबरमध्ये गेलात तर काँकर्ड द्राक्षं घ्या. साल जाड, बी मोठी, पण वास असा की गाडीभर दरवळतो.

तिथून इथाका फॉल्स पाच मिनिटांवर. भर वस्तीत, लेक स्ट्रीटलगत, फुकट. १५० फूट उंच आणि त्याहून रुंद. थोडं दगडांवरून चालावं लागतं, पण रस्त्यावरूनही चांगला दिसतो.

कॉर्नेल विद्यापीठ टेकडीवर आहे, १८६५ मध्ये स्थापन झालेलं. रतन टाटा इथेच आर्किटेक्चर शिकले. तरुणांनी गावातून कॅस्काडिला घळीच्या वाटेने चढून वर यावं. आठ धबधबे, ४०० फूट चढ, वरून थेट कॅम्पसला लागते. बाकीच्यांनी गाडीने वर यावं आणि जॉन्सन कलासंग्रहालयात भेटावं. इमारत आय. एम. पेई यांची, १९७३ सालची, प्रवेश मोफत. लिफ्टने थेट पाचव्या मजल्यावर जा. काचेपलीकडे कयुगा सरोवर उत्तरेला लांबच लांब गेलेलं दिसतं, दोन्ही काठांना उतरती शेतं आणि रानं. गेले दोन दिवस ज्या ओढ्यांच्या काठाने चाललो ते सगळे या एकाच पाण्यात येऊन मिळतात, हे तिथे उभं राहून बोटाने दाखवता येतं. मुलं असतील तर विद्यापीठाच्याच डेअरीचं आइस्क्रीम चुकवू नका. सुट्टीच्या दिवसांची वेळ आधी बघा.

दुपार सॅपसकर वुड्ससाठी राखून ठेवा. ही कॉर्नेलच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेची जागा. आपल्याकडचे पक्षीनिरीक्षक वापरतात ते पक्षी ओळखायचं मर्लिन ॲप आणि नोंदी ठेवायचं ईबर्ड, दोन्ही इथून चालतात. तळ्याभोवती सपाट, मऊ वाट, दलदलीवर लाकडी फळ्या, चढ-उतार जवळजवळ नाही. पाहुण्यांच्या दालनात काचेच्या भिंतीसमोर बसून तळं बघता येतं. वाट पहाटेपासून अंधार पडेपर्यंत खुली असते. बाबांच्या फोनवर आदल्या रात्रीच मर्लिन घालून ठेवा आणि आवाज ओळखायचं बटण दाखवून ठेवा. माझे बाबा तिथे लव्हाळ्याजवळ फोन धरून उभे राहिले. लाल खांद्यांचा काळा पक्षी ओरडला आणि पडद्यावर त्याचं नाव उमटलं. मग पुढची दोन तास त्यांना हलवणं अशक्य झालं. सतरा पक्ष्यांची यादी त्यांनी पाकिटामागे लिहून घेतली.

परतीला चारच्या सुमारास निघा. त्यापेक्षा फार उशीर केलात तर वाटेत अंधार गाठतो आणि हरणं रस्त्यावर असतात.